निजवत नाही म्हणून बाजूला ठेवलेले औषध : ट्रेसी पटनम आणि फेनिटॉइनचे प्रकरण

अपस्मारावरच्या औषधांचा इतिहास सांगताना १९३८ हे साल बहुधा एका ओळीत उरकले जाते : बोस्टनच्या पटनम आणि मेरिट यांनी फेनिटॉइन शोधले. पण फेनिटॉइन हा पदार्थ तेव्हा तीस वर्षांचा झालेला होता. जर्मनीत कील इथे हाइनरिख बिल्ट्झ या रसायनतज्ज्ञाने तो १९०८ मध्ये बनवला. पुढे १९२३ मध्ये अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी आर्थर डॉक्स यांनी तो पुन्हा तयार केला. डॉक्स नव्या झोपेच्या औषधाच्या शोधात होते. या पदार्थाने झोप येत नव्हती, म्हणून तो फडताळात गेला आणि तिथेच राहिला.

पटनम यांनी शोधली ती पदार्थ पारखण्याची रीत. ती कशी उभी राहिली, तिच्या हाती काय लागले आणि तिच्या नजरेतून काय निसटले, एवढ्यापुरते हे प्रकरण आहे.

तेव्हाची स्थिती

१९३५ च्या सुमारास डॉक्टरांच्या हातात फेफऱ्यावर कामाची दोनच औषधे होती. पहिले पोटॅशियम ब्रोमाइड. लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये त्याचा उल्लेख केला आणि पुढली पन्नास-पंचावन्न वर्षे तेच चालले. ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश जाते. निम्मे जायलाच सुमारे बारा दिवस लागतात. त्यामुळे रोजचा डोस साचत जातो. तोंडावर मोठमोठे फोड, जड जीभ, मंदावलेले डोके आणि दिवसभर पेंग, अशी रुग्णाची अवस्था होई. फिट थांबली तरी माणूस कामातून जाई.

दुसरे फेनोबार्बिटल. हे जर्मनीत ‘ल्युमिनाल’ नावाने झोपेचे औषध म्हणून आले. १९१२ मध्ये फ्रायबुर्ग इथल्या आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरांनी अपस्माराच्या रुग्णांना ते दिले आणि फिट कमी होतात असे नोंदवले. ब्रोमाइडपेक्षा ते कितीतरी बरे, पण गुंगी आणणारेच.

या दोन औषधांमुळे एक समज पक्का बसला. फिट म्हणजे मेंदूचे खवळणे, तेव्हा ती थांबवायची तर मेंदूला थोडे निजवावेच लागणार. हा समज कुणी सिद्ध केलेला नव्हता. दोन उदाहरणांवरून आपोआप रुजला होता. झोप न आणणारा पदार्थ अपस्मारावर चालेल का, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. डॉक्स यांची बाटली फडताळात राहिली, त्यालाही हेच कारण.

पटनम कोण

ट्रेसी जॅक्सन पटनम १८९४ मध्ये बोस्टनला जन्मले आणि १९२० मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाले. न्यूरोलॉजी आणि मेंदूची शस्त्रक्रिया या दोन्ही बाजू त्यांना येत होत्या. हार्वी कुशिंग यांच्याबरोबर त्यांनी १९२५ मध्ये कवटीखाली जुन्या रक्ताचा साका धरतो त्या विकारावर लिहिले. १९३४ मध्ये, डोक्यात पाणी साठलेल्या बाळांसाठी मेंदूच्या पोकळीत दुर्बीण घालून पाणी स्रवणारा भाग जाळण्याची पद्धत त्यांनी मांडली आणि त्यासाठीचे उपकरणही जुळवले. हा मुद्दा पुढे कामाचा आहे. गरजेचे उपकरण बाजारात नसेल तर ते स्वतः जोडून घ्यायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

त्याच वर्षी ते बोस्टन सिटी हॉस्पिटलच्या न्यूरोलॉजी विभागाचे प्रमुख झाले. हे शहराचे धर्मादाय रुग्णालय होते आणि अपस्माराचे रुग्ण तिथे रांगेने येत. तिथेच विल्यम लेनॉक्स, फ्रेडरिक गिब्ज आणि एर्ना गिब्ज मेंदूच्या विद्युत आलेखावर काम करत होते. आल्बर्ट ग्रास या अभियंत्याने त्यांना तीन वाहिन्यांचे ईईजी यंत्र बनवून दिले. लहान मुलांच्या ‘पेटिट माल’ प्रकारात, म्हणजे काही सेकंद टक लावून हरवून जाण्याच्या फिटमध्ये, सेकंदाला तीन अशा ठरावीक लयीच्या लहरी दिसतात हे या मंडळींनी १९३५ मध्ये छापले. फिट ही मेंदूतली विद्युत घटना आहे हे कागदावर उमटून दिसू लागले होते. फिट विजेने मोजता येत असेल तर विजेने ती ठरवून आणताही येईल, आणि ठरवून आणता आली तर कोणते औषध तिला अडवते तेही मोजता येईल. पटनम यांनी नेमका इथे हात घातला.

त्यांचे जोडीदार ह्यूस्टन मेरिट १९०२ चे, नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनचे. मेंदूभोवतीच्या पाण्याच्या तपासणीतले ते जाणकार, आणि रुग्ण पाहण्यात चोख. पटनम कल्पनांचे आणि मेरिट नोंदींचे, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

पदार्थ कुठून आणायचे

पटनम यांचा तर्क असा होता. झोपेची बार्बिट्युरेट औषधे अनेक आहेत. फिट अडवण्यात फेनोबार्बिटल त्यांच्यात उठून दिसते. त्याच्या रचनेत वेगळे काय? बार्बिटलमध्ये कड्याला दोन इथिल गट असतात. फेनोबार्बिटलमध्ये त्यातल्या एकाच्या जागी फेनिल गट, म्हणजे बेंझिनचे सहा कार्बनचे कडे. तेव्हा गुण या फेनिल गटात असावा, आणि गुंगी बाकीच्या सांगाड्यात.

हा तर्क अर्धाच खरा ठरला. आज वापरात असलेल्या इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट या औषधांत फेनिल गट नाही. पण पारखायला पदार्थ निवडायचे तर एखादी चाळणी लागतेच, आणि ही चाळणी त्या कामाला पुरेशी होती.

त्यांनी ईस्टमन कंपनीची रसायनांची किंमतयादी चाळली आणि उघडपणे विषारी नसलेले फेनिलयुक्त पदार्थ वेचले. मोठ्या औषध कंपन्यांनाही पत्रे लिहिली. पटनम यांच्या आठवणीप्रमाणे रस दाखवला तो एकट्या पार्क-डेव्हिसने. फेनोबार्बिटलशी साम्य असलेले १९ पदार्थ आमच्याकडे आहेत, हवे तर घ्या, असे कंपनीने कळवले. त्या १९ मध्ये डॉक्स यांचा पदार्थ होता : डायफेनिलहायडँटॉइन, म्हणजेच फेनिटॉइन. फेनोबार्बिटलचे कडे सहा अणूंचे, याचे पाच अणूंचे, आणि त्याच्यावर फेनिल गट एकाऐवजी दोन.

यंत्र आणि मांजर

विजेने झटका आणून औषध पारखणे अगदीच नवे नव्हते. इटलीच्या पिएत्रो आल्बेर्तोनी यांनी १८८२ मध्ये कुत्र्यांच्या मेंदूला थेट वीज देऊन ब्रोमाइड तपासले होते. पण त्यासाठी कवटी उघडावी लागे. प्राणी एकदाच वापरता येई, आणि दर प्राण्यागणिक आकडा बदले. कापूर किंवा अॅबसिंथसारखे रसायन टोचून झटके आणण्याची रीतही होती. तिच्यात नेमकेपणा कमी. पटनम यांना हवे होते ते असे : कवटी न उघडता, तोच प्राणी पुन्हा पुन्हा, आणि उत्तर आकड्यात.

गिब्ज यांच्या मदतीने यंत्र जुळले ते भंगारातून. पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन विमानाच्या सांगाड्यातून काढलेला कॉम्युटेटर त्यात होता. कॉम्युटेटर फिरत राहतो आणि बॅटरीची सरळ वीज ठरावीक वेगाने तोडतो-जोडतो. त्यामुळे प्रत्येक वेळी सारख्याच स्पंदांची वीज मिळते. मधे मिलिअँपिअर मोजणारा मीटर. एक इलेक्ट्रोड मांजराच्या डोक्यावर, दुसरा तोंडात, म्हणजे वीज मेंदूतून आरपार जाते.

चाचणीचा क्रम असा. आधी औषधाशिवाय मांजराचा उंबरठा काढायचा : कमी प्रवाहापासून सुरुवात करून किती मिलिअँपिअरला पूर्ण झटका येतो ते पाहायचे. तो आकडा त्या मांजराचा स्वतःचा. मग औषध द्यायचे, ते रक्तात भिनू द्यायचे आणि उंबरठा पुन्हा काढायचा. किती चढला त्यावर औषधाला श्रेणी. मांजर थोड्या वेळात सावरते आणि पुढच्या पदार्थासाठी तेच वापरता येते. मांजरामांजरांतला फरक इथे आड येत नाही, कारण तुलना त्याच मांजराच्या आधीच्या आकड्याशी असते.

आकड्याच्या जोडीला दुसरी नोंद तेवढीच महत्त्वाची होती : मांजर जागे आहे का, नीट चालते का, की लोळागोळा होऊन पडले आहे? भरपूर फेनोबार्बिटल दिलेल्या मांजराचाही उंबरठा चढतो, पण ते गुंगलेले असते. डायफेनिलहायडँटॉइन दिलेल्या मांजराचा उंबरठा चांगलाच वर गेला, आणि मांजर मात्र जागे, हिंडतेफिरते. पार्क-डेव्हिसच्या फडताळात ज्या कारणासाठी तो पदार्थ नापास झाला, तोच आता त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला.

मे १९३७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दोन पानांत हे छापून आले. नावांचा क्रम पटनम, मेरिट. त्याच काळात अर्न्स्ट स्पीगल यांनीही डोक्यावरून वीज देऊन झटक्याचा उंबरठा मोजण्याची अशीच रीत स्वतंत्रपणे मांडली होती. ही कल्पना त्या वेळी हवेत होती. पुढच्याच वर्षी रोममध्ये चेर्लेत्ती यांनी माणसाच्या डोक्यावरून वीज दिली, पण ती मनोविकारावर उपचार म्हणून झटका आणण्यासाठी.

मांजराकडून माणसाकडे

पहिला रुग्ण निवडला तो मुद्दाम अवघड. वर्षानुवर्षे रोज फिट येणारा आणि आधीच्या औषधांना दाद न देणारा. त्यामागे हिशेब होता. महिन्यातून एकदा फिट येणाऱ्यात फरक कळायला वर्ष जाईल. रोज येणाऱ्यात आठवड्यात कळेल. त्याच्या फिट थांबल्या.

मूळ पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून वापरले ते त्याचे सोडियम मीठ. हे मीठ चांगलेच अल्कलीधर्मी असल्याने रिकाम्या पोटी जळजळ करते. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायचे ही सूचना तेव्हापासूनची. मोठ्या माणसाला ०.१ ग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे ३०० मि.ग्रॅ. हा सुरुवातीचा डोस. आजही साधारण हाच आकडा चालतो.

सप्टेंबर १९३८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मुख्य अहवाल आला. या वेळी क्रम मेरिट, पटनम. काम आता रुग्णांकडे सरकल्याची खूण. जुन्या औषधांनी न भागलेले, वारंवार फिट येणारे १४२ रुग्ण, औषध २ ते ११ महिने. मोठ्या फिट ५८ टक्के रुग्णांत थांबल्या आणि आणखी २७ टक्क्यांत पुष्कळ कमी झाल्या.

तुलनेचा गट नाही, डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही औषध माहीत, काहींचा पाठपुरावा जेमतेम दोन महिन्यांचा. आजच्या निकषांवर हा अभ्यास टिकणार नाही. तरी तो पोकळ म्हणता येत नाही, कारण इथेही मांजरांचीच युक्ती होती : प्रत्येकाची तुलना स्वतःच्या आधीच्या नोंदीशी, आणि निवडलेले सगळे असे की ज्यांच्या फिट आपोआप थांबण्याची शक्यता फार थोडी. पार्क-डेव्हिसने ‘डायलँटिन’ नावाने कॅप्सूल त्याच वर्षी बाजारात आणले. सल्फानिलामाइडच्या विषारी द्रावणाने १९३७ मध्ये शंभरावर माणसे दगावली होती, आणि औषध विकण्याआधी त्याची सुरक्षितता दाखवायला लावणारा अमेरिकी कायदा जून १९३८ मध्ये झाला होता. हे औषध आले ते असल्या सावध वातावरणात.

या औषधाचे सामाजिक वजन कळायला तेव्हाचे कायदे आठवावे लागतात. अमेरिकेत अनेक राज्यांत अपस्मार असलेल्यांना लग्नाची बंदी होती आणि सक्तीच्या नसबंदीचे कायदे होते. व्हर्जिनियात अपस्माराच्या आणि मंदबुद्धी ठरवलेल्या लोकांना ठेवण्याची सरकारी संस्था होती, त्या ‘कॉलनी’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये अशा नसबंदीला मान्यता दिली होती. आपण फार पुढे होतो असे नाही. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहातली अडचण मानलेली होती. तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीने निघाला.

काय बिघडले

पहिला धडा लवकर मिळाला. पेटिट मालच्या मुलांना या औषधाचा उपयोग होत नाही, उलट काहींच्या फिट वाढतात. आरंभीच्या अहवालात या प्रकारातही सुधारणा नोंदली होती, कारण तेव्हा हरवून जाण्याच्या सगळ्याच फिट एका नावाखाली येत. त्यातल्या बऱ्याच मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठणाऱ्या असाव्यात. ईईजी काढून वेगळे केल्यावर चित्र उघडे पडले.

दुसरी चूक औषध बदलताना व्हायची. नवे सुरू करताच फेनोबार्बिटल एकदम बंद केले की फिट उसळतात, कधी एकामागून एक. दोष नव्या औषधावर जायचा. खरा दोष जुने झटकन तोडण्याचा. जुन्याचा डोस हळूहळू उतरवायचा आणि तोवर दोन्ही चालवायची, हा नियम तेव्हा पडला तो आजही पाळावा लागतो.

१९३९ मध्ये किंबल यांनी हिरड्या वाढत असल्याचे नोंदवले. समोरच्या दोन दातांमधल्या टोकापासून सुरुवात होते. काही महिन्यांत हिरडी दातावर चढते. दात नीट घासणाऱ्यांत ती कमी वाढते, म्हणून औषध सुरू करतानाच दातांच्या डॉक्टरकडे पाठवणे शहाणपणाचे. बाकी यादी ओळखीची : अंगावर लव वाढणे, हाडे ठिसूळ होणे, गर्भनिरोधक गोळ्या निकामी होणे, पहिल्या काही आठवड्यांत पुरळ. पुरळासोबत ताप असेल किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा; अशा वेळी वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

पण या औषधाची खरी खोच डोसात आहे, आणि ती समजायला पंचवीसेक वर्षे गेली. बहुतेक औषधांत डोस दुप्पट केला की रक्तातली पातळी दुप्पट होते. फेनिटॉइनचे तसे नाही. यकृतातले जे विकर ते मोडते त्याची क्षमता नेहमीच्या डोसातच भरत येते. हिशेबापुरते धरू की एखाद्याचे यकृत दिवसाला जास्तीत जास्त ४५० मि.ग्रॅ. मोडू शकते, आणि निम्म्या वेगाला लागणारी पातळी ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. ३०० मि.ग्रॅ. वर पातळी स्थिरावेल १० वर. ३५० वर सुमारे १७.५. आणि ४०० वर थेट ४०. उपयोगी पट्टा आहे १० ते २०. वीसच्या पुढे डोळे कडेला नेले की थरथरतात, तिसाच्या पुढे चाल दारुड्यासारखी होते, चाळिशीच्या पुढे माणूस गुंगतो. शेवटची १०० मि.ग्रॅ.ची गोळी आधीच्या तीन गोळ्यांपेक्षा कितीतरी भारी पडते ती अशी. म्हणून वरच्या बाजूला डोस वाढवायचा तर २५ ते ५० मि.ग्रॅ.च्या पायरीने; आणि नवी पातळी स्थिरावायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, तोवर पुन्हा हात लावायचा नाही.

याच गुणामुळे गोळीतल्या निरुपद्रवी भरावानेही गोंधळ होतो. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथे बरेच रुग्ण अचानक झोकांड्या खात येऊ लागले. डोस तोच, कंपनी तीच. तपासाअंती कळले की कॅप्सूलमधला भराव कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज झाला होता. कॅल्शियम सल्फेट औषधाचा काही भाग धरून ठेवत असे. तो गेला आणि जास्त औषध रक्तात उतरले. थोडीशी वाढ, पण पट्ट्याच्या वरच्या कडेवर असलेल्यांना तेवढीच पुरली. ब्रँड सारखा बदलू नये, असे डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हेच असते.

आपल्या दवाखान्यात

आपल्याकडे ‘एप्टॉइन’ या नावाने हे औषध घरोघरी माहीत आहे. स्वस्त आहे, दिवसातून एकदाही चालते, आणि म्हणून नवी औषधे आली तरी जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचा वापर टिकून आहे. कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी फेनोबार्बिटल किंवा फेनिटॉइन या दोनच स्वस्त औषधांवर खेड्यातल्या रुग्णांचे उपचार चालवून दाखवले. तो अहवाल २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

अडते ते बहुधा छोट्या गोष्टींत. मुलांचे पातळ औषध बाटलीत तळाशी बसते. न हलवता दिले की पहिले दिवस औषध कमी आणि फिट चालू. बाटली संपत आली की तळचा गाळ, म्हणजे जादा डोस आणि मूल झोकांड्या खाते. क्षयाच्या रुग्णाला आयसोनायाझिड सुरू झाले की फेनिटॉइन मोडण्याचा वेग घटतो, आणि कालपर्यंत ठीक असलेला डोस विषारी होतो. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकत्र कुणी पाहिलेल्या नसतात. नळीने दूध किंवा पेज चालू असलेल्या रुग्णात औषध नीट शोषले जात नाही. आधी आणि नंतर दोन-दोन तास नळीचा आहार थांबवावा लागतो. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर अहवालातला आकडा फसवतो, कारण औषधाचा सुमारे ९० टक्के भाग त्यालाच चिकटलेला असतो. ढोबळ सूत्र असे : अल्ब्युमिनला ०.२ ने गुणा, ०.१ मिळवा, आणि मोजलेल्या पातळीला त्या संख्येने भागा. अल्ब्युमिन २ आणि पातळी ८ आली तर भागाकार ०.५ ने, म्हणजे खरी किंमत १६. ‘पातळी कमी आहे’ म्हणून इथे डोस वाढवला की रुग्ण हमखास गुंगीत जातो.

न थांबणाऱ्या फिटमध्ये शिरेतून द्यायचे तेव्हा चुका महाग पडतात. वजनाच्या किलोला २० मि.ग्रॅ. धरले तर ६० किलोच्या माणसाला १,२०० मि.ग्रॅ. वेग मिनिटाला ५० मि.ग्रॅ. पेक्षा जास्त नाही, म्हणजे किमान २४ मिनिटे. वयस्क माणसात याच्या निम्म्याने. घाई केली की रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची लय बिघडते, म्हणून ईसीजी लावूनच. द्रावण फक्त नॉर्मल सलाइनमध्ये. डेक्स्ट्रोजच्या बाटलीत घातले की औषधाचे स्फटिक खाली बसतात. शीर बारीक असेल आणि औषध बाहेर झिरपले तर हात सुजून जांभळा पडतो. कारण पुन्हा तेच : न विरघळणारा पदार्थ विरघळवून ठेवण्यासाठी द्रावण फार अल्कलीधर्मी ठेवावे लागते.

पुढे काय झाले

पटनम १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पद त्यांना सोडावे लागले. ज्यू डॉक्टरांना काढून टाकायला त्यांनी नकार दिला म्हणून, असे एक मत आहे. त्यावर इतिहासकारांत वाद आहे. पटनम लॉस एंजेलिसला गेले आणि मुख्य प्रवाहापासून दूरच राहिले. १९४८ मध्ये त्याच खुर्चीवर मेरिट आले. पुढे ते कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे डीन झाले, आणि न्यूरोलॉजीच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. फेनिटॉइन म्हटले की आधी मेरिट यांचे नाव निघते, ते बहुधा यामुळे. फेनोबार्बिटलचे हाउप्टमान ज्यू होते. १९३८ मध्ये त्यांना काही काळ डाखाउच्या छळछावणीत डांबले गेले. सुटकेनंतर ते अमेरिकेत पोचले, तेही बोस्टनलाच, आणि १९४८ मध्ये तिथेच वारले.

पटनम आणि मेरिट यांचे यंत्र मात्र थांबले नाही. १९४५ पर्यंत त्यांनी ७०० हून अधिक पदार्थ त्याच रीतीने पारखले. त्यातून यंत्राची मर्यादाही दिसली : विजेच्या मोठ्या झटक्यात पास होणारी औषधे मोठ्या फिटवर चालतात, पेटिट मालवर नाही. ट्रायमेथाडायोन हे पेटिट मालवरचे औषध १९४४-४५ मध्ये आले ते पेंटिलीनटेट्राझॉल हे रसायन टोचून आणलेले झटके अडवू शकते म्हणून. तेव्हापासून दोन चाचण्या जोडीने चालू लागल्या.

पटनम १९७५ मध्ये वारले. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने अपस्माराच्या नव्या औषधांसाठी मोठा चाचणी कार्यक्रम सुरू केला. युटा विद्यापीठात चालणाऱ्या त्या कामात पहिल्या पायरीला याच दोन चाचण्या होत्या, फक्त मांजरांच्या जागी उंदीर. हजारो पदार्थ त्यातून गेले. आणि नेमक्या या दोन्ही चाचण्यांत लेव्हेटिरासिटॅम हे अपस्मारावरचे नवे औषध नापास होते. मोठ्या आवाजाने फिट येणाऱ्या जातीच्या उंदरांत, आणि मेंदूला रोज थोडी थोडी वीज देऊन हळूहळू अपस्मार जडवलेल्या प्राण्यांत, ते चालते हे दिसले म्हणून ते वाचले. १९९९ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज आपल्याकडेही अनेक ठिकाणी फेनिटॉइनच्या आधी त्याचीच चिठ्ठी लिहिली जाते.